बिघडू शकणारं काम

दहावीचा निकाल लागला की आठवड्याच्या आत नाशिकचे चौक फ्लेक्सनी भरून जातात. मुंबई नाका, कॉलेज रोड, सिडकोतला त्रिमूर्ती चौक, नाशिकरोडचा बिटको चौक, जिकडेतिकडे पासपोर्ट फोटोंच्या रांगा आणि प्रत्येकाखाली दोन दशांश स्थळांपर्यंत टक्के. वर शाळेचं नाव ठसठशीत. या फ्लेक्सना शाळेचा अभिमान म्हणायची पद्धत आहे. वास्तविक ती प्रवेशाची जाहिरात असते. त्यात गैर काही नाही. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतात, हे गणित मुख्याध्यापकांना झोपू देत नाही. पण फ्लेक्सवर झळकलेली पंधरा मुलं सोडली तर त्याच वर्षी बाहेर पडलेल्या उरलेल्या दोनशेंना ही शाळा आपली वाटली का, आणि वाटली असेल तर कशामुळे, हे त्या फ्लेक्सवरून कळायला मार्ग नाही.

शाळा आपली वाटणं भाषणातून येत नाही, हे भाषण करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. ते येतं हातात एखादं काम पडल्यावर. आणि कामही कसं, तर चारचौघांत बिघडू शकेल असं. बाईंनी आधीच पुरा करून ठेवलेल्या तक्त्यावर मुलाने नुसतं नाव घालायचं, यातून काही उगवत नाही. बिघडायची शक्यता खरी हवी, आणि बिघडलंच तर सावरायला कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. हायस्कूलचं अख्खं वर्ष या नजरेने पाहिलं की कुठल्या गोष्टी जीव धरतात आणि कुठल्या उरकल्या जातात, ते लख्ख दिसतं.

रोजचा परिपाठ घ्या. वीस मिनिटांचा मामला: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, शेवटी पसायदान. २०२३ च्या शिवजयंतीपासून राज्यगीत आलं, तेव्हा बऱ्याच शाळांनी बोधकथेला कात्री लावली. आठवड्याला एक वर्ग अशी पाळी असते, म्हणजे तुकड्या जास्त असल्या तर एका वर्गाची पाळी वर्षातून दोन-तीनदाच येते. तरीही बहुतेक ठिकाणी माइकसमोर वर्षभर तीच चार मुलं दिसतात, ज्यांचा आवाज बरा आणि उच्चार स्वच्छ. कार्यक्रम नेटका होतो आणि मागच्या रांगा जांभया देतात.

परिपाठात सगळ्यात जास्त बिघडतं ते राष्ट्रगीत, आणि बिघडतं ते पहिल्या सुरातच. ज्या सुरावर ते सुरू होतं त्याच्या बरोबर वरच्या सप्तकातल्या षड्जावर शेवटच्या ओळीतलं पहिलं ‘जय हे’ जातं. म्हणजे सुरुवात जितकी वर, तितका शेवट हाताबाहेर. पेटीवर पांढरी एकच्या आसपास सा धरला तर सहाशे मुलं बावन्न सेकंदांत सुखरूप पार पडतात. कोणी उत्साहात काळी चार पकडली की शेवटाला निम्मी मुलं गप्प होतात, आणि आठवी-नववीतले आवाज फुटत असलेले मुलगे तर कुठल्याच सप्तकात बसत नाहीत. त्यांना ‘मोठ्याने म्हणा’ असं दटावून उपयोग नसतो. त्यांना खालच्या सप्तकात म्हणायची मोकळीक द्यायची. सूर देण्याचं काम एकाच मुलीकडे महिनाभर ठेवलं, तिला एक सुरपेटी दिली आणि रोज त्याच पट्टीवर सुरुवात करायला सांगितलं, की दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या शाळेचा आवाज बदलतो. आणि त्या मुलीचं चालणंही.

माइकचंही एक शास्त्र असतं. कर्णा किंवा स्पीकरचा खोका बोलणाऱ्याच्या मागे ठेवला की माइक किंचाळणारच, कारण माइकमधून गेलेला आवाज खोक्यातून पुन्हा माइकमध्येच शिरतो. खोका बोलणाऱ्याच्या पुढे, मुलांच्या बाजूला तोंड करून ठेवायचा. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर. बातम्या पाचच्या वर नकोत, त्यातली एक नाशिकची असावी, आणि परदेशी नावं वाचणाऱ्याने आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने उच्चारून पाहिलेली असावीत. ही एवढी तयारी आठवीतलं कुठलंही मूल करू शकतं. ते तोतरं बोलत असेल तरीही त्याला उभं करावं, फक्त त्याला दिनविशेष द्यावा, बोधकथा नको. दोन ओळी निभावतात. जून ते सप्टेंबर पावसाची रिपरिप असली की परिपाठ वर्गावर्गांत स्पीकरवरून होतो, आणि तो परिपाठ राहत नाही, घोषणा होते. व्हरांडा लांब असेल तर मुलं तिथे उभी करावीत. कपडे थोडे भिजतील.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक जुलैत होते. हल्ली मोबाइलवरच्या ॲपचं मतदान यंत्र करतात, बोटाला शाई लावतात, फोटो निघतात, स्थानिक वृत्तपत्रात बातमी येते. त्यानंतर मुख्यमंत्र्याला वर्षभर करायला काहीही नसतं. पाणीमंत्र्याकडे टाकीच्या सफाईची नोंदवही आणि नळांची यादी द्यावी, कुठला नळ कधीपासून गळतो ते त्याने लिहावं आणि शिपाई मामांबरोबर जाऊन वॉशर बदलून घ्यावा. एवढं होणार नसेल तर निवडणूक घेऊ नये, तो तास गणिताला द्यावा.

खरा जीव पाहायचा तर लेझीम.

लेझीम हे वाद्य आहे आणि व्यायामाचं साधनही, म्हणून ती दोन्हीकडून बिघडते. साधारण दीड फुटाचा लाकडी दांडा, दोन टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि मधोमध मूठ. शाळेच्या कोठारातून दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या बाहेर निघतात तेव्हा पावसाळ्याच्या दमट हवेने चकत्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि अशी लेझीम वाजते ती डब्यासारखी. पहिला दिवस सरावाचा नसतोच. जुन्या कापडाने आणि थोड्या रॉकेल-तेलाने पुसायचा असतो. साखळीच्या कड्या पकडीने दाबून घ्यायच्या, कारण उघडी कडी आठव्या आवाजाला, म्हणजे ठोक्याला, निसटते आणि चकत्या पुढच्याच्या पाठीवर पडतात. दांड्याला कुसळ आलं असेल तर पॉलिशपेपर. हे काम मुलांनीच करावं, ज्याची लेझीम त्याने. दांड्यावर रंगाने क्रमांक टाकला की मूल वर्षभर तीच शोधतं.

चौसष्ट मुलांचं पथक, आठ गुणिले आठ. दोन मुलांमधलं अंतर दोन्ही हात पसरून आणि वर एक लेझीम. मैदानावर फक्कीने ठिपके टाकून घ्यायचे, नाहीतर पवित्रा घेताना रांग वितळते. आधी लेझीम स्कंध, मग चार आवाज, मग आठ आवाज, मग बैठक, मग पुढे-मागे झेप. घाई करणारे शिक्षक पहिल्याच आठवड्यात बैठकीवर जातात, कारण ती दिसायला छान असते. चार आवाज पायांत बसले नसतील तर बैठकीतून उठताना प्रत्येक जण आपापल्या वेळेला उठतो. चार आवाजांना दहा दिवस द्यावे. कंटाळा येतो, येऊ द्यावा.

पहिल्या रांगेत चांगली मुलं आणि मागे कच्ची, ही सर्वत्र दिसणारी मांडणी चुकीची आहे. दिशा बदलली की मागची रांग पुढची होते आणि डावी फळी समोर येते. चांगली मुलं चार कोपऱ्यांवर हवीत, कच्ची मधोमध, म्हणजे कुठेही तोंड फिरवलं तरी त्यांना समोर पाहून करायला कोणीतरी असतं. यात आणखी एक गोष्ट घडते: कोपऱ्यावरच्या मुलाला कळतं की आपण चुकलो तर सोळा जण चुकतील.

मागच्या रांगा ‘उशिरा वाजवतात’ म्हणून ओरडा खातात, त्यात त्यांचा दोष क्वचित असतो. हलगीवाला ध्वजस्तंभापाशी पाहुण्यांच्या शेजारी उभा असतो आणि पथक मैदानाच्या मध्यावर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शेवटची रांग तीस मीटरवर असेल तर ठोका तिच्यापर्यंत जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि तिच्या लेझमीचा आवाज पाहुण्यांपर्यंत परत यायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे मूल अगदी बरोबर वाजवत असलं तरी खुर्चीवर बसलेल्याला तो फरक दुप्पट ऐकू येतो. हलगी पथकाच्या बाजूला, मधल्या रांगेच्या रेषेत आणली की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं मागच्यांनी कानावर न जाता पुढच्याच्या पायांवर नजर ठेवली की मिटतं. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा असतो. तो मैदानावर घ्यायला इतकी चांगली जागा दुसरी नाही, पण विज्ञानाचे आणि खेळाचे सर एकमेकांच्या तासाला सहसा जात नाहीत.

नाशिकची जानेवारीतली सकाळ हलगीच्या कातड्याला मानवत नाही. थंडीने आणि दवाने कातडं सैल पडतं, ठोका बद्द येतो. २६ जानेवारीला पहाटे रद्दी पेटवून हलगी शेकणारा मुलगा हा त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. फायबरच्या पानाची हलगी आली आहे, तिला शेकावं लागत नाही. आवाज मात्र पत्र्याचा येतो आणि लेझमीत मिसळून जातो, तिच्यावर उठून दिसत नाही. खर्च परवडत असेल तर दोन्ही ठेवाव्यात.

खो-खोचं वेगळं. तिथे बिघडतं ते एका मुलामुळे आणि क्षणात, आणि सगळ्यांना दिसतं. पाटीवर बसलेले आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून, नववा पाठलागावर. शालेय स्पर्धांत सर्वाधिक चुका उठण्याच्या असतात: हात पाठीला लागायच्या आत उठणं, उठल्यावर खांदे एका बाजूला वळले असताना पाय दुसरीकडे टाकणं, मधली पाटी ओलांडणं. दिशा एकदा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय ती बदलता येत नाही, हे तोंडाने सांगून कोणालाच जमत नाही. त्यासाठी पळणाराच नसलेला सराव घ्यावा लागतो. फक्त खो द्यायचा, उठायचं, तीन पावलं टाकायची, पुढच्याला खो. वीस मिनिटं असं केलं की मुलं रडकुंडीला येतात आणि फाऊल निम्म्यावर येतात. पळणाऱ्यांना साखळी, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळणं, शिकवायची ती श्वासाच्या हिशोबाने. तिघांच्या तुकडीतली पहिली जास्तीत जास्त वेळ खाईल अशी निवडायची, सगळ्यात वेगवान अशी नव्हे. वेगवान मुलं सूर मारणाऱ्याच्या हाती लवकर लागतात, कारण ती सरळ पळतात.

नाशिकमधली बरीच मैदानं मुरुमाची आहेत. सकाळी पाणी न मारता सूर मारायला लावला तर तळवे आणि गुडघे सोलले जातात, आणि एकदा सोललेलं मूल महिनाभर सूर मारत नाही, नुसतं वाकतं. आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी झाडू, मग सराव. खांब गुळगुळीत घासलेला हवा. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या. महापालिका क्षेत्राच्या स्पर्धांतून विभागावर, तिथून राज्यावर. हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा छत्रपती शिवाजी स्टेडियमवर संघ घेऊन जायचं तर जन्मदाखला, ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं, आणि संघ बाद होण्याचं सगळ्यात सामान्य कारण हरणं नसून यातलं एखादं विसरणं हे असतं. फाइल कर्णधाराकडे द्यावी. तिच्या दप्तरात ती सरांच्या बॅगेतल्यापेक्षा जास्त सुरक्षित राहते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांतल्या वसतिगृहांतून येणाऱ्या मुलींच्या पायांत चढ-उताराची ताकद आधीपासून असते. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ आणलं, तेव्हापासून या भागातल्या मुलींकडे मैदानावर जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. शहरातल्या शाळेत मात्र अशी मुलगी पहिले तीन महिने वर्गात बोलत नाही, तिच्या भाषेला हसलं जातं म्हणून. तिला संघात घ्यायचं ते फक्त पळण्यासाठी नको. पाटीवर बसणाऱ्यांना हाका मारून बसवायचं काम तिला द्या. मैदानावर ओरडलेलं मूल वर्गातही बोलू लागतं.

डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि त्याला जोडून आनंदमेळा. आनंदमेळ्यात मुलं जे शिकतात ते व्यवहाराच्या पुस्तकात नसतं. समजा चार जणींनी भेळेची गाडी लावली. किलोभर मुरमुऱ्यांत तीसेक प्लेट निघतात, प्लेटला तीसेक ग्रॅम धरले तर. मुरमुरे, अर्धा किलो फरसाण, कांदा-टोमॅटो, दोन चटण्या, प्लेटा आणि चमचे मिळून समजा चारशे रुपये घातले. वीस रुपये प्लेटने तीस विकल्या तर सहाशे. नफा दोनशे, माणशी पन्नास. प्रत्यक्षात हातात चाळीसही उरत नाहीत, कारण सहा प्लेट मैत्रिणींनी उधार खाल्लेल्या असतात, दोन बाईंना ‘चव बघायला’ गेलेल्या असतात आणि गर्दी दिसताच आधीच कालवून ठेवलेली पातेलंभर भेळ अर्ध्या तासात मऊ पडून टाकावी लागलेली असते. भेळ मागणी आल्यावरच कालवायची, चिंचेची चटणी दाट ठेवायची, पाचशेची नोट पहिल्या दोन तासांत घ्यायची नाही आणि दहाच्या नोटा आदल्या दिवशीच जमवायच्या. फोनपेचा कोड आईच्या फोनचा असेल तर आईने तिथे असायला हवं, नाहीतर पैसे आले की नाही यावर भांडण ठरलेलं. कांद्याच्या भावाचं सांगायला नको; लासलगावच्या जिल्ह्यात तो वर्गातल्या निम्म्या मुलांना घरातूनच कळतो.

संमेलनाचं वेळापत्रक हा सगळ्यात दुर्लक्षित कागद असतो. वीस नाच, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं असा हिशोब करतात आणि कार्यक्रम तीन तास चालतो. कारण दोन नाचांमधली अडीच-तीन मिनिटं कोणी धरत नाही, आणि एकच मुलगी तिसऱ्या आणि चौथ्या नाचात असते. नऊवारी सोडून आदिवासी नृत्याचा पोशाख चढवायला दहा मिनिटं लागतात. तिच्या दोन नाचांत निदान तीन कार्यक्रम हवेत. गाणी पेन ड्राइव्हवर क्रमाने, नावापुढे आकडा टाकून, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. डिसेंबरात सूर्य मावळला की बिनबाह्यांच्या पोशाखातली मुलं विंगेत कुडकुडतात, म्हणून लहान वर्गांचे नाच आधी, दुपारी. पडदा ओढणारा, यादी धरून पुढच्या गटाला उभं करणारा आणि ध्वनीवाल्याशेजारी बसणारा, ही तीन मुलं नीट निवडली तर शिक्षक खुर्चीवर बसून कार्यक्रम पाहू शकतात. निवड हुशारीवर करू नये. जो सहलीला निघताना बसमध्ये डोकी मोजतो, तो.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. थर्माकोल, मोटर आणि पालकांची रात्र. वर्गात मोडलेला पंखा मुलांकडून खोलून घेतला तर जास्त विज्ञान होईल.

हस्तलिखिताची गोष्ट मात्र अजून शिल्लक आहे, आणि कुसुमाग्रजांच्या गावात ती शिल्लक राहावी हे बरंच आहे. ऐंशी पानांचं हस्तलिखित म्हणजे ऐंशी जागा बिघडायच्या. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच समास सोडायचा हे पंधराव्या पानानंतर आठवतं, तोवर पंधरा पानांची पहिली अक्षरं दोऱ्यात गेलेली असतात. पेन्सिलीच्या रेघा फिक्या मारायच्या, शाई वाळल्यावर तासाभराने खोडायच्या. जेलपेनची शाई हाताच्या घामाने पसरते, म्हणून लिहिताना हाताखाली कोरा कागद. मजकूर आधी दुसऱ्याने वाचायचा, मग सुवाच्य अक्षरवाल्याने उतरवायचा; सुंदर अक्षरात चुकलेलं शुद्धलेखन जास्त बोचतं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी ते प्रकाशित करायचं ठरतं, तेव्हा दहावीची मुलं परीक्षेला बसलेली असतात. त्यामुळे संपादक नववीचा हवा. ज्या शाळा हे विसरतात त्यांचं हस्तलिखित मार्चमध्ये कपाटात जातं.

दहावीची लेखी परीक्षाही नववीच्या आणि आठवीच्या हातांवर उभी असते, हे बाहेरच्यांना दिसत नाही. केंद्र असलेल्या शाळेत बाकं हलवणं, पुसणं, बैठक क्रमांक टाकणं, कुठल्या खोलीत कोणता क्रमांक याचा फलक लिहिणं. फलकावर एक अंक चुकला तर साडेदहा वाजता एखादं घामाघूम मूल चुकीच्या मजल्यावर पळतं, आणि पेपर अकराला सुरू होतो. म्हणून फलक एकाने लिहायचा, दुसऱ्याने खोलीत जाऊन बाकाशी ताडून पाहायचा. दिंडोरी-निफाडकडच्या गावांतून येणाऱ्या मुलांच्या घरी तेव्हा द्राक्षांची काढणी जोरात असते. घरच्यांचा सगळा जीव बागेत असतो आणि परीक्षेला सोडायला मोटरसायकल मिळेलच असं नसतं. अशा मुलांची यादी फेब्रुवारीच्या सुरुवातीला करून कोण कोणाबरोबर येणार हे वर्गातच ठरवलेलं बरं.

राहिल्या आकांक्षा. नववीच्या वर्गात ‘कोण व्हायचंय’ विचारलं की उत्तरं शहर ज्याला त्याला काय दाखवतं त्यावर येतात. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी, देवळालीला तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, सातपूर-अंबडला वडिलांची कंपनी. पोलीस, आर्मी, इंजिनिअर ही उत्तरं म्हणून येतात, आणि ती हसण्यासारखी नाहीत. अडचण उत्तरात नसते. उत्तरापासून पुढच्या अर्जापर्यंतच्या अंतरात असते.

आठवीत असतानाच डिसेंबरमधल्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसायचं असतं. नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकाला दीड तास. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, म्हणून हुशार मुलं सुटतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या तर इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात. पण एलिमेंटरी सातवी-आठवीतच उरकलेली बरी. दहावीत जाग आलेल्याच्या हाती काही लागत नाही. वस्तुचित्राला मुलं घाबरतात. गुण जातात ते कर्तव्यभूमितीत, पेन्सिलीला टोक नसल्यामुळे.

सैन्यात अधिकारी व्हायचं तर संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था मुलांसाठी १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकलाच आहे. या दोन्हींचे अर्ज दहावीच्या वर्षातच करायचे असतात, निकालानंतर नव्हे. एनडीएचे दरवाजे मुलींना उघडले आणि पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेरही पडली, हे वर्गात सांगितलेलं नसतं अशा शाळा अजून आहेत. आयटीआयला ‘नापासांचं’ समजणं तर या शहरात निव्वळ अडाणीपणा आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. अंबडमधल्या शॉपफ्लोअरवर वडील काम करत असतील तर त्यांच्याकडून एकदा वर्गात या धंद्यांतला फरक सांगवून घ्यावा. समुपदेशकाच्या पॉवरपॉइंटपेक्षा मुलं ते जास्त कान देऊन ऐकतात, आणि त्या मुलाची मान वर्गात थोडी ताठ होते.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, म्हणून पहिलं नाव ‘बघू तरी’ म्हणून टाकायचं नसतं. गावाहून सिटीलिंकने येणाऱ्याने कॉलेजच्या नावासोबत बसची वेळही पाहावी. सकाळी सातच्या तासिकेला गिरणाऱ्याहून पोहोचता येतं का, हा प्रश्न कटऑफइतकाच खरा आहे.

आणि या सगळ्याच्या आधी नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं, असं निदान प्रत्येक वर्गात चार-पाच मुलांचं असतं. आडनावातला एखादा इंग्रजी स्वर, आईच्या नावाचं माहेरचं रूप, जन्मतारखेत उलटलेले महिना आणि दिवस. दहावीचं आवेदनपत्र भरल्यावर मंडळाकडून प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, येते आणि ती तपासून, सह्या होऊन परत जाते. घाईत बाबा न वाचता सही करतात. एकदा गुणपत्रिका छापली की दुरुस्तीसाठी शाळा, मंडळ आणि कधी राजपत्र असे हेलपाटे पडतात, आणि आयटीआयच्या प्रवेशाला तेवढे दिवस नसतात.

प्री-लिस्टचा तास म्हणून वर्गशिक्षकांनी एक पूर्ण तास ठेवावा. प्रत्येकाने आधारची, जन्मदाखल्याची आणि पहिलीच्या प्रवेशाच्या नोंदीची प्रत समोर ठेवायची. बाकावरच्या दोघांनी कागद अदलाबदल करायचे, कारण स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही. एकाने इंग्रजीतलं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून ताडायचं. मग आईचं नाव, मग जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, मग विषयांचे सांकेतिक क्रमांक. चूक सापडली तर तिच्याभोवती लाल शाईने गोल, समासात बरोबर रूप, खाली तपासणाऱ्या मुलाची आद्याक्षरं. घरच्या सहीसाठी कागद त्यानंतरच न्यायचा.